इंग्रजी वाक्य बरोबर की चूक : निवाडा कोणाच्या कानाने करायचा?

रानजाई

नमस्कार मंडळी.

गेले पाच महिने मी घरून एक काम करते आहे. समोर एकेक इंग्रजी वाक्य येतं. ते 'स्वीकारार्ह' की 'अस्वीकारार्ह', एवढीच खूण करायची. कारण द्यायची सक्ती नाही, पण वाटलं तर शेरा लिहायला खाली छोटी चौकट असते. दिवसाला दोनशे-अडीचशे वाक्यं हातावेगळी होतात.

मी कराडजवळच्या गावातली, मराठी माध्यमातली. इंग्रजी पाचवीपासून, पुढे तोच विषय घेऊन बी.ए. केलं. मागच्या मंगळवारी एक वाक्य आलं : 'इट इज रेनिंग सिन्स मॉर्निंग.' मी वाचलं, 'स्वीकारार्ह' दाबलं आणि पुढे गेले. तीन वाक्यं झाल्यावर हात थांबला. तिथे 'हॅज बीन रेनिंग' हवं, हे मला दहावीपासून पाठ आहे. गाळलेल्या जागा भरताना त्यात कधी चुकले नाही. मग वाचताना कान जरासुद्धा का अडखळला नाही?

रात्री अंथरुणात उत्तर सुचलं. माझ्या डोळ्यांनी इंग्रजी वाचलं, पण कानाने ऐकलं 'सकाळपासून पाऊस पडतोय'. आणि मराठीत या वाक्यात काहीच खोट नाही!

दुसऱ्या दिवसापासून मी वही घातली. जिथे जिथे कान गप्प बसला आणि नियम आठवल्यावर चूक कळली, ती वाक्यं लिहीत गेले. आठवड्याभरात जमलेल्यांपैकी काही :

'सजेस्ट मी अ गुड डॉक्टर.' (मला चांगला डॉक्टर सुचवा.)
'वुई डिस्कस्ड अबाउट द मॅरेज.' (आम्ही लग्नाबद्दल चर्चा केली.)
'यू आर कमिंग टुमारो, इझन्ट इट?' (तू उद्या येतोयस ना?)
'ही केम यस्टर्डे ओन्ली.' (तो कालच आला.)

प्रत्येक चुकीच्या मागे एक निर्दोष मराठी वाक्य उभं आहे. 'सुचवणे'ला 'मला' लागतं, चर्चा 'बद्दल' होते, 'ना' कुठल्याही वाक्याला जोडता येतो, 'च' शब्दाच्या मागे चिकटतो. म्हणजे आपल्या चुका वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत. जिथे मराठीचं स्वतःचं पक्कं उत्तर आहे, नेमक्या तिथेच त्या होतात.

उलट 'ही आर गोइंग' किंवा 'बुक द टेबल ऑन इज' असलं काही आलं तर निमिषात कळतं. तिथे कान चोख आहे.

आणि तिसराच एक प्रकार आहे. वाक्य नियमाने तपासलं तर चूक सापडत नाही, पण वाचताना डोकं गरगरतं. किंवा वाचायला गुळगुळीत आणि अर्थ शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. तिथे काय दाबायचं?

माझा प्रश्न पैशांचा नाही, काम व्यवस्थित चाललंय. पण मी जी खूण करते तिच्या आधारावर कुणीतरी पुढे काहीतरी शिकणार आहे, माणूस असो की यंत्र. ती खूण खरी असावी असं मनापासून वाटतं. तुम्ही कसं ठरवता?

---

हिरवळ

मी भाषांतराचं काम करते. 'कान गप्प बसला' हे शब्द अगदी पटले. माझ्याकडून 'एक्स्प्लेन मी' वर्षानुवर्षं सुटत होतं. संपादक बाईंनी चौथ्यांदा खूण केली तेव्हा लक्षात आलं. पण 'टेल मी' चालतं, 'शो मी' चालतं, मग 'एक्स्प्लेन मी'नेच काय घोडं मारलंय? कोणी सांगेल का?

---

पाटीपेन्सिल

रानजाईताई, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी एकतीस वर्षं वाई तालुक्यात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर आता संध्याकाळी घरीच वर्ग घेतो.

आधी हिरवळताईंचं उत्तर देतो. गिव्ह, टेल, शो, सेंड हे इंग्रजीचे घरचे, जुने शब्द. त्यांच्यामागे 'कोणाला' आणि 'काय' ही दोन्ही नामं सरळ एकापाठोपाठ बसतात. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट हे लॅटिनकडून आलेले. त्यांना 'कोणाला' सांगायचं तर मध्ये 'टू' लागतो : 'एक्स्प्लेन इट टू मी', 'ही डोनेटेड अ पेंटिंग टू द म्युझियम'. 'ही गेव्ह द म्युझियम अ पेंटिंग' चालेल, 'ही डोनेटेड द म्युझियम अ पेंटिंग' चालणार नाही. अर्थ जवळपास तोच असून चालणार नाही. नियम शंभर टक्के नाही, 'असाइन'सारखे अपवाद आहेत, पण बहुतांशी टिकतो. गंमत ही की इंग्लंडातल्या लहान पोराला लॅटिन म्हणजे काय ते ठाऊक नसतं, तरी मोठं होता होता हे त्याच्या कानात बसतं. आपल्याकडे 'ला' प्रत्यय सगळ्या क्रियापदांना सारखाच लागतो, मग आपल्या कानाला हा भेद कळावा कसा?

आता पावसाचं वाक्य. इंग्रजीत 'सिन्स' म्हटलं की काळाचा एक पट्टा तयार होतो. एक टोक मागे सकाळी आणि दुसरं आत्ता हातात. असा पट्टा दाखवायला इंग्रजी 'हॅव'चं रूप मागते. मराठी म्हणते, पाऊस आत्ता पडतोय ना? मग वर्तमानकाळ. सुरुवात कुठून ते 'पासून' सांगतोच आहे. दोन्ही विचार आपापल्या जागी सरळ आहेत.

आणि यात मराठी एकटी नाही. जर्मन माणूस 'एस रेग्नेट झाइट हॉयटे मॉर्गन' म्हणतो, फ्रेंच माणूस 'इल प्ल दपुई स मातँ' म्हणतो. दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. इंग्रजीच इथे शेजाऱ्यांपेक्षा वेगळी चालते. मी मुलांना हे मुद्दाम सांगत असे. आपण अडाणी म्हणून चुकतो हा समज एकदा मनातून गेला की पोरं धीटपणे बोलू लागतात.

पण ताई, खूण करायची तर 'अस्वीकारार्ह'च करा. समजून घेणं वेगळं, बरोबर म्हणणं वेगळं.

---

संत्रानगरी

सर, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत.

मी नागपूरचा. आमच्याकडे 'तू काय करून राहिला?' म्हणतात. पुण्यात शिकायला आलो तेव्हा वर्गात मला हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे आणि हसायचे. वर्षभर मी तोंड उघडणं कमी केलं होतं. ते चुकीचं मराठी आहे का? आमच्या बोलीत 'करून राहिला' कुठे येईल, कुठे येणार नाही याचे नियम पक्के आहेत. 'राहून करिला' आमच्याकडे कोणीही म्हणणार नाही. नियम आहेत, फक्त छापील पुस्तकातले नाहीत.

मग 'इट इज रेनिंग सिन्स मॉर्निंग' नागपूरपासून चेन्नईपर्यंत लाखो लोक म्हणतात, ऐकणाऱ्याला कळतं, सगळे एकाच पद्धतीने म्हणतात. याला चूक म्हणायचं की भारतीय इंग्रजीचा नियम? काश्मीरमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवणारे ब्रज काचरू यांनी हेच मांडलं. त्यांनी तीन वर्तुळं कल्पिली : आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, मधल्यात भारत, नायजेरिया, सिंगापूरसारखे, आणि बाहेर बाकीचं जग. मधल्या वर्तुळातली इंग्रजी ही आतल्याची बिघडलेली नक्कल नाही, तिला स्वतःची घडण आहे, हे त्यांचं म्हणणं. ब्रिटिश भाषातज्ज्ञ रँडॉल्फ क्वर्क यांना ते मान्य नव्हतं. शिकणाऱ्यांपुढे एकच प्रमाण नमुना हवा, असं ते म्हणत. १९९० आणि १९९१ मध्ये दोघांनी एकाच नियतकालिकात एकमेकांना उत्तरं दिली. तो वाद आजही मिटलेला नाही.

'प्रीपोन' आपणच रूढ केला ना? आज तो ऑक्सफर्डच्या कोशात आहे.

---

पाटीपेन्सिल

संत्रानगरी, तुमच्यावर हसले हे वाचून वाईट वाटलं. शिक्षक म्हणून त्या वर्गाच्या वतीने माफी मागावीशी वाटते.

पण माझीही बाजू ऐका. माझा एक विद्यार्थी, गवंड्याचा मुलगा, हुशार, गणितात नेहमी पहिला. पदवीनंतर एका कंपनीत मुलाखतीआधी इंग्रजीत अर्ज मागितला. त्याने लिहिलं, 'आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स अँड आय ॲम नोइंग टॅली.' मुलाखतीला बोलावणंच आलं नाही. ओळखीच्या माणसाकडून कळलं की अर्ज पहिल्या दोन ओळींतच बाजूला पडला. तिथे त्याला कोणी वर्तुळं विचारली नाहीत. तो मुलगा माझ्यापुढे येऊन म्हणाला, 'सर, तुम्ही लाल पेनाने खूण केली होती, मीच लक्ष दिलं नाही.' मला त्या दिवशी रात्री झोप आली नाही. मी खूण केली होती, पण 'का' ते सांगितलं नव्हतं.

नियम न सांगता त्याला मोकळं सोडणं ही माया नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी आहे त्यांना दोन्ही प्रकार येतात, हवा तो वापरतात. माझ्या पोरांना एकच येतो.

---

वाटसरू

मग 'आय'म लव्हिंग इट' कसं चालतं? २००३ पासून मॅकडोनाल्डची जाहिरात तीच आहे. लव्ह, नो, हॅव यांना 'आयएनजी' लावायचा नाही असं आम्हाला शिकवलं होतं.

---

ध्वनिलहरी

वाटसरू, चांगला प्रश्न. मी भाषाविज्ञानात संशोधन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रानजाईताईंच्या 'तिसऱ्या प्रकारा'चं उत्तरही यातच येईल.

'नो', 'लव्ह', 'हॅव' ही स्थिती सांगणारी क्रियापदं. स्थितीला सुरू-शेवट नसतो, म्हणून 'चालू' रूप बसत नाही. पण बोलणाऱ्याला 'आत्ता, या घासापुरतं' असा अर्थ आणायचा असेल तर काही क्रियापदं वाकतात. 'लव्ह' वाकतं. 'हॅव'चा अर्थ 'जेवणं' असेल तर 'आय ॲम हॅविंग लंच' बिनधोक, पण 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' नाही, कारण भाऊ असणं ही दुपारपुरती गोष्ट नव्हे. 'नो' जवळजवळ वाकतच नाही. म्हणजे नियम क्रियापदाचा कमी आणि अर्थाचा जास्त आहे.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमच्यापुढचं बटण एक आहे, पण प्रश्न निदान तीन आहेत आणि ते एकमेकांत मिसळलेत.

पहिला : रचना भाषेच्या नियमात आहे का? दुसरा : अर्थ लागतो का? तिसरा : वाचणाऱ्याच्या मेंदूला ते पेलतं का?

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी १९५७ मध्ये एक वाक्य दिलं : 'कलरलेस ग्रीन आयडियाज स्लीप फ्युरियसली.' रंगहीन हिरव्या कल्पना संतापाने झोपतात. अर्थ शून्य, पण रचना चोख. तेच शब्द उलट क्रमाने लावा, 'फ्युरियसली स्लीप आयडियाज ग्रीन कलरलेस', आणि इंग्रजी माणूस म्हणेल की हे वाक्यच नव्हे. दोन्हींना अर्थ नाही, तरी फरक कळतो. म्हणजे अर्थ आणि रचना यांचे निवाडे डोक्यात वेगवेगळे होतात.

उलटं उदाहरण : 'द रॅट द कॅट द डॉग चेस्ड किल्ड एट द मॉल्ट.' कुत्र्याने पाठलाग केलेल्या मांजरीने मारलेल्या उंदराने धान्य खाल्लं. मी आत्ता लिहिलेलं मराठी वाक्य एका दमात कळलं ना? मराठीत विशेषणवाक्यं नामाआधी ओळीने रचत जाता येतात. इंग्रजीत ती एकमेकांच्या पोटात शिरतात आणि तिसऱ्या थराला स्मरणशक्ती हात टेकते. नियम एकही मोडलेला नाही. म्हणून आम्ही 'व्याकरणशुद्ध' आणि 'स्वीकारार्ह' हे दोन शब्द वेगळे ठेवतो. स्वीकारार्हता माणसाला जाणवते, ती मोजता येते. व्याकरणशुद्धता हा त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष.

'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल' हे संशोधक टॉमस बीव्हर यांचं १९७० सालचं वाक्य. वाचणारा 'घोडा कोठाराजवळून धावत गेला' इथपर्यंत खुशीत येतो आणि शेवटच्या 'फेल'वर आपटतो. अर्थ आहे 'कोठाराजवळून पळवत नेलेला घोडा पडला'. शुद्ध आहे, पण वाट चुकवतं.

आणि सर्वांत फसवं : 'मोअर पीपल हॅव बीन टू रशिया दॅन आय हॅव.' जन्मापासून इंग्रजी बोलणारेसुद्धा मान डोलावतात. मग विचारा, याचा अर्थ काय? माझ्यापेक्षा जास्त लोक रशियाला गेलेत? 'मी' म्हणजे किती लोक? अर्थ लागतच नाही. हे वाक्य १९८४ पासून, मारिओ मोंताल्बेत्ती यांच्या प्रबंधापासून, चर्चेत आहे. तेव्हा कान गप्प बसतो तो फक्त आपलाच नाही. त्यांचाही बसतो, वेगळ्या जागी.

एक धोका कामाचा म्हणून सांगते. भाषाविज्ञानाचे संशोधक विल्यम स्नायडर यांनी २००० मध्ये दाखवलं की काही प्रकारची अशुद्ध वाक्यं लागोपाठ वाचायला दिली की लोकांना ती हळूहळू बरी वाटायला लागतात. सगळी नाही, काहीच प्रकारची. दिवसाला अडीचशे वाक्यं वाचणाऱ्या माणसाने हे ध्यानात ठेवायला हवं. एकाच साच्याची पाच वाक्यं सलग आली तर उठून पाणी पिऊन या, मग खूण करा.

---

रानजाई

ध्वनिलहरी, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. संध्याकाळच्या माझ्या खुणा सकाळच्या खुणांपेक्षा सैल असतात, हे मी वहीत लिहून ठेवलं होतं. दमल्यामुळे होत असेल असं धरून चालले होते.

तुमच्या त्या उंदराच्या वाक्यासारखं मागच्या महिन्यात आलं होतं आणि मी 'अस्वीकारार्ह' दाबलं. आता कळलं की प्रश्न स्वीकारार्हतेचा होता, म्हणून ते बरोबरच होतं. रशियाचं वाक्य मात्र तीनदा वाचूनही मला बरं वाटलं. कागदावर मराठीत उतरवायला घेतलं आणि पहिल्याच शब्दाला अडकले.

---

हिरवळ

मराठीत उतरवून बघणं ही तर उत्तम चाचणी आहे! पण मग पावसाच्या वाक्यासारखं फसायला होतं, कारण ते मराठीत छान उतरतं. म्हणजे अर्थ तपासायचा असेल तर मराठीत उतरवावं आणि रचना तपासायची असेल तर मराठी बाजूला ठेवावी. बरोबर?

---

ध्वनिलहरी

हिरवळ, अगदी असंच. इतक्या थोडक्यात मी वर्गातही कधी सांगितलं नाही.

---

दूरदेशी

मी पिट्सबर्गला राहतो, अठरा वर्षं झाली. इथली दोन निरीक्षणं.

इकडे पश्चिम पेनसिल्व्हेनियात लोक 'द कार नीड्स वॉश्ड' म्हणतात. 'टू बी' गायब. पहिल्या वर्षी मला वाटलं शेजारी घाईत बोलतोय. नंतर कळलं की इथे तीच रीत आहे आणि स्कॉटलंडकडून आलेल्या लोकांबरोबर ती इथवर आली. माझा बोस्टनचा सहकारी ते ऐकून दचकतो, म्हणतो एक शब्द राहिला. दोघेही जन्माने इंग्रजी बोलणारे! दक्षिणेतला माणूस 'आय माइट कुड गो' म्हणतो. आफ्रिकन-अमेरिकन बोलीत 'ही बी वर्किंग' म्हणजे तो नेहमी काम करतो, आत्ता करतोय असं नव्हे. 'ही बी वर्किंग राइट नाऊ' त्या बोलीतच चूक ठरेल. संत्रानगरींच्या 'राहून करिला'सारखंच. बोलीला नियम नसतात असं म्हणणाऱ्याने ती बोली ऐकलेलीच नसते.

दुसरं निरीक्षण घरातलं. माझी मुलगी नऊ वर्षांची, इथेच जन्मली. ध्वनिलहरींचा प्रतिसाद वाचून मी तिच्यावर एक प्रयोग केला. 'वॉन्ट टू'चं बोलण्यात 'वॉन्ना' होतं. मी विचारलं, 'हू डू यू वॉन्ना मीट?' चालेल का? म्हणाली, हो. 'हू डू यू वॉन्ना विन?' चालेल का? तिने नाक मुरडलं. 'नाही बाबा, तिथे वॉन्ट टू म्हण.' का, ते तिला सांगता येईना. मलाही येईना. मला दोन्ही सारखीच बरी वाटत होती.

मग तिने मला मराठीत सांगितलं, 'आईने बघ, परत चावी विसरली.' मी लगेच दुरुस्त केलं : 'आई चावी विसरली.' तिने विचारलं, का? 'आईने चावी हरवली' चालतं, मग 'आईने विसरली' का नाही? आणि मला उत्तर देता आलं नाही.

---

ध्वनिलहरी

दूरदेशी, तुमच्या घरातला हा प्रसंग मी वर्गात वापरू का? नाव-गाव न सांगता.

'वॉन्ना'चं असं : 'तुला कोणाला भेटायचंय?' यात भेटणारे तुम्हीच. 'वॉन्ट' आणि 'टू' एकमेकांना चिकटून आहेत. 'कोण जिंकावं असं तुला वाटतं?' यात जिंकणारा दुसराच कोणी. 'यू वॉन्ट समबडी टू विन' अशी मूळ रचना, त्यातला 'समबडी' प्रश्न होऊन वाक्याच्या सुरुवातीला गेला. त्याची जागा मोकळी राहिली, ऐकू येत नाही, तरी तिथे आहे. त्या मोकळ्या जागेमुळे 'वॉन्ट' आणि 'टू' जुळत नाहीत. निदान एक प्रसिद्ध स्पष्टीकरण असं आहे. नऊ वर्षांच्या मुलीला ती न दिसणारी जागा जाणवते.

आणि मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला 'ने' लागतो : तिने आंबा खाल्ला, तिने चावी हरवली. पण विसरणे, शिकणे, बोलणे अशी मोजकी क्रियापदं कर्म घेऊनसुद्धा 'ने' नाकारतात : ती चावी विसरली, ती मराठी शिकली, ती खोटं बोलली. आपल्याला ही यादी कोणी पाठ करून दिली? कोणीच नाही. तुमची मुलगी 'एक्स्प्लेन मी' म्हणणाऱ्या आपल्यासारखीच आहे. नियम लावतेय, अपवादांची सवय व्हायला पुरेसं मराठी कानावर पडलेलं नाही एवढंच.

---

दूरदेशी

जरूर वापरा. रात्री तिला 'विसरणे'चा नियम सांगितला. ती म्हणाली, मग मला पण शिकव अशी सगळी क्रियापदं. आम्ही दोघं बसून यादी करतोय.

---

संत्रानगरी

हे सगळं वाचून माझं मत थोडं बदललं, पूर्ण नाही. पाटीपेन्सिल सर, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रसंग मी दोनदा वाचला. त्याला प्रमाण इंग्रजी यायलाच हवं, यात वाद नाही. माझा विरोध 'चूक' या शब्दाला आहे. 'या ठिकाणी चालत नाही' म्हणा. मला पुण्यात कोणी एवढंच म्हटलं असतं, की बाबा, निबंधात 'करून राहिला' लिहू नकोस, घरी खुशाल बोल, तर मी वर्षभर गप्प बसलो नसतो.

आणि प्रमाण भाषेचे रखवालदारही कधी कधी नियम तयार करतात. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी येऊ नये, हा आक्षेप इंग्रज कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या ओळीवर घेतला. त्याआधी शतकानुशतकं लोक तसं बोलत होते, नंतरही बोलत राहिले. 'हू आर यू टॉकिंग टू?' आज कोणाला खटकतं? पण शाळेच्या पुस्तकात तो नियम कितीतरी वर्षं टिकला.

---

रानजाई

मी काय ठरवलं ते सांगते.

कामाच्या सूचना पुन्हा नीट वाचल्या. त्यात लिहिलंय की अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये वाढलेल्या माणसाला वाक्य नैसर्गिक वाटेल का, ते बघा. म्हणजे कोणाच्या कानाने ऐकायचं, ते तिथे आधीच ठरलेलं होतं. मी माझ्या कानाने ऐकत होते. म्हणून पावसाचं वाक्य बदलून 'अस्वीकारार्ह' केलं. पण शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं : भारतात हे वाक्य सर्रास आणि एकसारखं बोललं जातं, ही नवशिक्याची घसरगुंडी नाही, याची वेगळी नोंद व्हावी.

शोधता शोधता कळलं की अशा खुणांचा एक मोठा संग्रह २०१८ मध्ये वॉर्स्टॅड, सिंग आणि बोमन या तिघा संशोधकांनी केला. भाषाविज्ञानाच्या २३ प्रकाशनांतून १०,६५७ वाक्यं घेतली, आणि प्रत्येकापुढे फक्त दोनांतली एक खूण : चालतं किंवा नाही. संगणकाला इंग्रजी कितपत कळतं ते त्यावर तपासतात. माझी वाक्यं कुठे जातात ते मला ठाऊक नाही, पण ती दोन घरांची पाटी तिकडेही आहे हे बघून पुन्हा वाटलं की पिट्सबर्गचं 'नीड्स वॉश्ड' आणि कराडचं 'सिन्स मॉर्निंग' यांना तिसरं घर हवं.

आता वहीत मी तीन रकाने केलेत. कोणत्याच इंग्रजीत न बसणारं, कुठल्यातरी इंग्रजीत बसणारं, आणि बसतं पण डोक्याला पेलत नाही असं. बटण एकच दाबायचं असलं तरी आधी रकाना ठरवते. वेग कमी झालाय, दिवसाला दीडशेच होतात. चालेल.

---

पाटीपेन्सिल

ताई, तुमचे रकाने मी कालच्या वर्गात नेले.

फळ्यावर 'इट इज रेनिंग सिन्स मॉर्निंग' लिहिलं आणि लाल खडू न उचलता मुलांना म्हटलं, आधी हे मराठीत म्हणा. सगळी एका सुरात म्हणाली, 'सकाळपासून पाऊस पडतोय.' बरोबर आहे का? हो सर. मग इंग्रजी माणूस तिथे 'हॅज बीन' का म्हणत असेल? एकतीस वर्षांत हा प्रश्न मी मुलांना विचारला नव्हता. आधी शांतता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, 'सर, त्यांना सकाळ पण सांगायचीय आणि आत्ता पण.' मी तो पट्टा फळ्यावर काढून दाखवला, तोपर्यंत त्याने तो डोक्यात काढलेला होता.

पण एका मुलीने मला अडवलं. म्हणाली, 'सर, मी जन्मापासून वाईत राहते, मग 'आय लिव्ह इन वाई'मध्ये 'हॅव' का नाही? तिथे पण आधीपासून आत्तापर्यंतच आहे ना?'

ध्वनिलहरी, मी तिला 'सिन्स' नाही म्हणून, एवढं सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. सोमवारी वर्ग आहे.

---

ध्वनिलहरी

सर, तिला सांगा, 'आय लिव्ह इन वाई'त कधीपासून हे विचारलंच नाही. तिने मनात ते धरलं, वाक्याने धरलं नाही. 'सिन्स बर्थ' जोडायला सांगा आणि मग तिलाच वाक्य पुन्हा म्हणू द्या. तरीही ती अडली तर तिचा पुढचा प्रश्न इथे लिहा, मला हवा आहे.